स्पेक्ट्रम ॲनालायझर : क्षीण संकेतांचे मापन
रेडिओ संकेताची वारंवारता आणि शक्ती पडद्यावर दाखवणारे उपकरण. आडव्या अक्षावर वारंवारता, उभ्यावर डीबीएममध्ये पातळी. शिखरावर मार्कर ठेवला की दोन्ही आकडे मिळतात; मात्र वारंवारता अचूक किती, हे आतल्या संदर्भ-आंदोलकावर ठरते. क्षीण संकेतांत खरी अडचण गोंगाटाची. खोलीच्या तापमानाला औष्णिक गोंगाटच दर हर्ट्‌झला सुमारे −१७४ डीबीएम; त्यात उपकरण स्वतःची भर घालते. विभेदन-पट्टा (एका वेळी मोजला जाणारा वारंवारतेचा पट्टा) १० किलोहर्ट्‌झवरून १ किलोहर्ट्‌झवर आणला, की पडद्यावरचा गोंगाटाचा तळ १० डेसिबलने उतरतो आणि दडलेले शिखर डोकावते. अर्थात हे फुकट होत नाही: जुन्या धाटणीच्या उपकरणात एका फेरीला जवळपास शंभरपट वेळ लागतो. आत येणारा संकेत कमी करणारा अटेन्युएटर शून्यावर आणल्यानेही तळ खाली जातो, पण त्याआधी जोरदार संकेत जोडलेला नाही ना, ते पाहावे; नाहीतर उपकरणातला मिक्सर जळतो.