डिझेल सोडून गॅस : ट्रक बदलले, पण हप्ता कोणी भरला?

आजचा विषय ट्रकचा. खरं तर ट्रकच्या टाकीत काय भरायचं, याचा.

सीएनजीच्या रिक्षा आपल्याला रोजच्या. गाड्याही आता घरोघरी आहेत. पण पंचवीस-तीस टन माल ओढणारा मोठा ट्रक घ्या. तो बहुतेक वेळा डिझेलवरच असतो. असं का? गॅस स्वस्त पडतो, धूर कमी करतो, मग ट्रकवाले डिझेल का सोडत नाहीत? याचं उत्तर शोधायला आज आपण अमेरिकेत जाऊ, कॅलिफोर्नियातल्या दोन बंदरांत. हा प्रयोग तिथे फार मोठ्या प्रमाणावर झाला, आणि त्याची किंमत कोणी मोजली तेही तिथे स्पष्ट दिसतं.

लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ही दोन बंदरं अगदी शेजारी-शेजारी आहेत. आशियातून अमेरिकेत जाणाऱ्या कंटेनरांचं हे मुख्य दार. जहाजातून उतरलेला कंटेनर गोदामापर्यंत किंवा रेल्वेच्या यार्डापर्यंत न्यायचा, रिकामा परत आणायचा, हे काम ट्रकचं. 2000 नंतरच्या काळात असे साधारण 16,000 ट्रक या बंदरांत ये-जा करत. त्यातले कितीतरी जुनेपुराणे. लांब पल्ल्याच्या कंपन्यांनी वापरून टाकलेला ट्रक शेवटी बंदरावर यायचा आणि तिथे काळा धूर ओकत उरलेलं आयुष्य काढायचा.

बंदराला लागून विल्मिंग्टनसारख्या वस्त्या आहेत. कष्टकऱ्यांच्या, बऱ्याचशा लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांच्या. डिझेलच्या धुरातले बारीक कण विषारी आहेत, असं कॅलिफोर्निया राज्याने 1998 मध्ये अधिकृतपणे जाहीर केलं. 2001 मध्ये लॉस एंजेलिस बंदराच्या एका नव्या टर्मिनलवरून रहिवासी आणि पर्यावरण संघटना कोर्टात गेल्या. 2003 मध्ये तडजोड झाली आणि प्रदूषण कमी करण्यासाठी वगैरे मिळून 5 कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. बंदराला कळून चुकलं, की हवा सुधारल्याशिवाय आता विस्तार होणार नाही.

2006 च्या नोव्हेंबरात दोन्ही बंदरांनी मिळून हवा स्वच्छ करण्याची योजना मंजूर केली. ट्रकसाठीचा भाग लागू झाला 1 ऑक्टोबर 2008 ला. त्या दिवशी 1989 पूर्वीच्या ट्रकांना गेट बंद. मग टप्प्याटप्प्याने पुढचे. 1 जानेवारी 2012 पासून 2007 चं प्रदूषण मानक न पाळणारा एकही ट्रक आत नाही.

नवा ट्रक घ्यायचाच आहे, तर डिझेलचा का, गॅसचा घ्या, असा आग्रह सुरू झाला. अनुदानं ठेवली गेली. इथे थोडं तंत्र समजून घेऊ, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही.

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो ट्रकमध्ये दोन प्रकारे भरता येतो. एक सीएनजी, म्हणजे जबर दाबाखाली सिलिंडरमध्ये कोंबलेला वायू. दुसरा एलएनजी, म्हणजे उणे 162 अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप केलेला. द्रव झाला की त्याचं आकारमान सुमारे 600 पटीने घटतं. म्हणून लांब जाणाऱ्या जड ट्रकला एलएनजी सोयीचा. तरीही एक लिटर डिझेलइतकी ऊर्जा हवी असेल तर साधारण 1.7 लिटर एलएनजी लागतो. शिवाय टाकी थर्मासारखी दुहेरी भिंतीची, म्हणजे महाग. आणि ट्रक बरेच दिवस उभा राहिला, तर आतला द्रव हळूहळू तापून वायू होतो आणि तो बाहेर सोडावा लागतो. थोडक्यात, एलएनजीचा ट्रक रोज पळणाऱ्यालाच परवडतो.

बंदराचं काम या गणितात छान बसत होतं. तेच तेच रस्ते, संध्याकाळी परत त्याच भागात. म्हणजे मोजके पंप पुरेत. क्लीन एनर्जी फ्युएल्स या कंपनीने मोहावे वाळवंटातल्या बोरॉनजवळ एलएनजी तयार करण्याचा कारखाना उभारला आणि बंदराच्या परिसरात पंप सुरू केले.

या कंपनीमागचं मोठं नाव म्हणजे टी. बून पिकन्स. टेक्सासचा मुरलेला तेलवाला. जुलै 2008 मध्ये कच्चं तेल पिंपाला 147 डॉलरवर गेलं, त्याच महिन्यात या गृहस्थाने टीव्हीवर जाहिराती देऊन 'पिकन्स प्लॅन' मांडला. वीज पवनचक्क्यांपासून करा, वाचलेला गॅस ट्रकांना द्या, परदेशी तेल आणणं कमी करा. अठरा चाकांचा ट्रक बॅटरीवर चालणार नाही, असं त्याचं म्हणणं. यात त्याचा स्वतःचा धंदाही होताच, आणि ते त्याने लपवलं नाही.

पुढच्या काही वर्षांत नशीबही त्याच्या बाजूने आलं. खडकांच्या थरांमधून शेल गॅस काढण्याचं तंत्र जोरात आलं आणि एप्रिल 2012 मध्ये अमेरिकेत गॅसचा घाऊक भाव दहा लाख बीटीयूला 2 डॉलरच्या खाली गेला. तेव्हा डिझेल मात्र गॅलनला 4 डॉलरच्या आसपास. फरक डोळ्यात भरण्यासारखा. क्लीन एनर्जीने देशभरच्या महामार्गांवर एलएनजी पंपांची साखळी बांधायला घेतली. यूपीएससारख्या बड्या कंपनीने शेकडो एलएनजी ट्रक मागवले.

आणि तरीही गाडी अडली. आपल्याकडे म्हणतात ना, लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही! ट्रकवाले म्हणाले, आधी पंप दाखवा. पंपवाले म्हणाले, आधी ट्रक दाखवा. महामार्गावर बांधून तयार झालेले कित्येक पंप गिऱ्हाईक नाही म्हणून सुरूच झाले नाहीत. गॅसच्या गाड्यांना कर-सवलत देणारं विधेयक मार्च 2012 मध्ये सिनेटमध्ये पडलं. मग 2014 च्या उत्तरार्धात तेल घसरायला लागलं आणि 2016 च्या सुरुवातीला 30 डॉलरच्याही खाली आलं. डिझेल गॅलनला 2 डॉलर. ट्रकची जास्तीची किंमत ज्या बचतीतून वसूल व्हायची, ती बचतच आटली. हिशोब कोसळला.

आता पुन्हा बंदरावर येऊ, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

1980 मध्ये अमेरिकेने ट्रक व्यवसायावरची सरकारी बंधनं सैल केली. त्यानंतर बंदरावरचे बहुतेक ड्रायव्हर 'स्वतंत्र ठेकेदार' झाले. पगार नाही, फेरीमागे पैसे. ट्रक स्वतःचा, डिझेल स्वतःचं. आता अशा माणसाला सांगितलं, की तुझा जुना ट्रक उद्यापासून आत येणार नाही, नवा आण. नवा डिझेल ट्रकच लाखभर डॉलरचा, गॅसचा त्याहून महाग. आणणार कुठून?

लॉस एंजेलिस बंदराला हे दिसत होतं. म्हणून त्यांनी अट घातली, की ट्रक कंपन्यांनी ड्रायव्हरना रीतसर नोकरीवर घ्यावं. म्हणजे ट्रकचा खर्च कंपनीच्या अंगावर. ट्रकवाल्यांची राष्ट्रीय संघटना कोर्टात गेली. 2011 मध्ये अपील कोर्टाने ही अट रद्द केली. जुने ट्रक बंद, हा नियम राहिला. नोकरीची अट गेली.

मग काय झालं? अनेक कंपन्यांनी नवे ट्रक आपल्या नावावर घेतले आणि ड्रायव्हरना भाडेकरारावर दिले. आठवड्याच्या कमाईतून ट्रकचा हप्ता, विमा, इंधन कापायचं आणि उरेल ते हातात ठेवायचं. काही आठवडे हातात जवळजवळ काहीच नाही. काम सुटलं की ट्रकही गेला आणि भरलेले हप्तेही गेले. 'यूएसए टुडे' या वृत्तपत्राने 2017 मध्ये हे सगळं सविस्तर बाहेर काढलं. त्याआधीच राज्याच्या कामगार आयुक्तांकडे शेकडो ड्रायव्हर गेले होते, आणि हे ठेकेदार नसून कर्मचारी आहेत असे निकाल एकामागून एक लागत होते. त्यातच सुरुवातीच्या गॅस ट्रकांना 9 लिटरच्या आतलं इंजिन होतं. भरलेला कंटेनर घेऊन पुलाचा चढ चढताना ते दम टाकतं, अशी ड्रायव्हरांची तक्रार. फेऱ्या कमी झाल्या तर नुकसान कोणाचं? त्याचंच.

हवा मात्र खरोखर सुधारली. बंदरावरच्या ट्रकांचा काळा धूर थोड्याच वर्षांत प्रचंड घटला. पण गंमत बघा, नव्या ट्रकांतले बहुतेक डिझेलचेच होते. नवी डिझेल इंजिनं फिल्टरमुळे इतकी सुधारली होती, की गॅसची 'स्वच्छ' ही जाहिरात निम्मी फिकी पडली. शिवाय मिथेन थोडा जरी गळाला तरी तो हवामानासाठी घातक. शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास 28 पट.

मग गॅसचा ट्रक चालतच नाही का? चालतो. चीनमध्ये 2023 या एका वर्षात दीड लाखाच्या आसपास एलएनजीचे जड ट्रक विकले गेले. तिथे पंप हजारोंनी आधीच होते आणि गॅस डिझेलपेक्षा बराच स्वस्त झाला होता. दोन्ही गोष्टी एकदम जमल्या.

आणि आपल्याकडे? 11 जुलै 2021 ला नागपुरात देशातल्या पहिल्या खासगी एलएनजी पंपाचं उद्घाटन झालं. 2022 मध्ये चाकणला एलएनजी ट्रकचा कारखाना सुरू झाला. पण त्याच वर्षी युक्रेन युद्धाने जगभर गॅस भडकला. 1 एप्रिल 2022 ला देशातल्या जुन्या क्षेत्रांतून निघणाऱ्या गॅसचा सरकारी दर दुपटीहून जास्त वाढून 6.10 डॉलर झाला, ऑक्टोबरात 8.57 डॉलर. ज्यांनी नुकतेच सीएनजीचे ट्रक घेतले होते, त्यांचा बचतीचा हिशोब काही महिन्यांत बदलला. हप्ता मात्र तोच राहिला.

आपल्या देशात बहुतेक ट्रकमालक छोटे. एक ट्रक, दोन ट्रक, फार तर पाच. मोठी कंपनी इंधनाचा भाव पडेपर्यंत कळ काढू शकते. एका ट्रकचा मालक तीन हप्ते चुकले की संपतो. म्हणून पुढच्या वेळी 'ग्रीन ट्रक'ची बातमी मोबाईलवर आली, मग तो गॅसचा असो, बॅटरीचा असो की हायड्रोजनचा, तर इंजिनाबरोबर आणखी एक गोष्ट बघा : भाव फिरला तर फटका कोणाला? कॅलिफोर्नियाच्या बंदरावर हवा सगळ्यांची सुधारली, पण बिल आलं ते स्टीअरिंगवर बसलेल्या माणसाच्या नावाने.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या घरात, ओळखीत कोणी ट्रक चालवत असेल, तर हा भाग त्यांना नक्की ऐकवा आणि त्यांचा हिशोब काय म्हणतो ते आम्हाला कळवा. भेटूया पुढच्या भागात!