आल्थिंगची वाटचाल

आइसलँडचं क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांश. माणसं मात्र चार लाखांच्या आत; आपल्या एका विधानसभा मतदारसंघात साधारण तेवढी असतात. मधला मुलूख हिमनद्यांनी आणि लाव्ह्याने व्यापलेला, त्यामुळे वस्ती किनाऱ्याकाठी, आणि निम्म्याहून अधिक लोक राजधानी रेक्याविकच्या परिसरात. एवढ्याशा समाजाने इ. स. ९३०च्या सुमारास स्वतःची सभा भरवली. तीच आल्थिंग.

नॉर्वेहून येऊन स्थायिक झालेल्या या लोकांनी राजा नेमला नाही. दर उन्हाळ्यात सुमारे दोन आठवडे ते थिंगवेट्लिरला जमत. उत्तर अमेरिका आणि युरेशिया हे भूपट्ट इथे एकमेकांपासून दूर सरकत आहेत. जमीन फाटून उभ्या राहिलेल्या कातळभिंतीपाशी सभा भरे. तीन वर्षांसाठी निवडलेला कायदावक्ता दरवर्षी एक तृतीयांश कायदा सर्वांसमोर तोंडपाठ म्हणून दाखवी. १११७-१८च्या हिवाळ्यात कायदा लेखी होऊ लागला, तोवर हीच कायद्याची प्रत होती. इ. स. १०००च्या सुमारास ख्रिस्ती आणि जुन्या धर्माचे लोक हातघाईवर आले, तेव्हा निवाडा कायदावक्ता थोरगेइरवर सोपवला गेला. तो स्वतः जुन्या धर्माचा. एक दिवस आणि एक रात्र तो पांघरुणाखाली पडून राहिला आणि उठून सांगितलं : सगळ्यांनी ख्रिस्ती व्हावं, पण घरात गुपचूप जुनी पूजा करणाऱ्याला शिक्षा नको. यादवी टळली.

तरीही या सभेला आजच्या अर्थाने लोकशाही म्हणता येणार नाही. कायदे ठरवण्याचा अधिकार सरदारांकडे होता, आणि निकाल अमलात आणणारी यंत्रणाच नव्हती. खटला जिंकलेल्यानेच निकाल अमलात आणायचा. तेराव्या शतकात मोजकी घराणी बलाढ्य होऊन आपसांत लढली, तेव्हा हा दोष जिवावर बेतला. १२६२ ते ६४ या काळात आइसलँडने नॉर्वेच्या राजाचं स्वामित्व मान्य केलं. पुढे डेन्मार्कची सत्ता आली, आल्थिंगचे अधिकार आक्रसत गेले आणि १८००मध्ये ती बंदच झाली.

१८४५मध्ये ती रेक्याविकमध्ये पुन्हा भरली, पण केवळ सल्लागार म्हणून. योन सिग्युर्दसन या अभ्यासकाने जुने करार आणि दस्तऐवज यांच्या आधारे स्वायत्ततेची मागणी लावून धरली. शस्त्र न उचलता हा लढा पुढे गेला, याचं मला फार मोल वाटतं. १८७४ला कायदे करण्याचा अधिकार, १९०४ला स्वतःचा मंत्री, १९१५ला स्त्रियांना मताधिकार (सुरुवातीला चाळिशीपुढच्यांनाच), १९१८ला सार्वभौमत्व. १७ जून १९४४ रोजी, योनच्या जन्मदिनी, थिंगवेट्लिरलाच प्रजासत्ताकाची घोषणा झाली.

पोट भरायचं ते समुद्रावर, म्हणून मासेमारीची हद्द हाच मोठा राजकीय प्रश्न ठरला. ती टप्प्याटप्प्याने वाढवत १९७५मध्ये २०० सागरी मैलांवर नेली. स्वतःचं सैन्य नसलेल्या या देशाच्या तटरक्षक बोटी ब्रिटिश ट्रॉलरांच्या जाळ्यांचे दोर कापत होत्या. १९७६मध्ये ब्रिटनने माघार घेतली.

मासे ही राष्ट्राची सामायिक मालमत्ता आहे, असं १९९०चा मत्स्यव्यवस्थापन कायदा पहिल्याच कलमात सांगतो. त्याच कायद्याने मासेमारीचे कोटे विकता-घेता येऊ लागले आणि ते मोठ्या कंपन्यांकडे एकवटले. माशांचा साठा सांभाळला गेला, पण छोट्या बंदरगावांचा रोजगार गेला. ही विसंगती आल्थिंगने अजून सोडवलेली नाही.

ऑक्टोबर २००८मध्ये देशातल्या तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या. जानेवारीत लोक आल्थिंगच्या दारासमोरच्या चौकात भांडी बडवत उभे राहिले आणि सरकार गेलं. त्या सरकारचे पंतप्रधान गेइर हार्दे यांच्यावर खटला चालवायचा ठराव खुद्द आल्थिंगने केला. २०१२मध्ये एका आरोपात ते दोषी ठरले, शिक्षा मात्र झाली नाही. आता पर्यटन, अ‍ॅल्युमिनियम आणि मासे यांवर अर्थव्यवस्था सावरली आहे.

आल्थिंगला जगातली सर्वांत जुनी संसद म्हणून मिरवलं जातं. मधला ४५ वर्षांचा खंड पाहता ती अखंड नव्हे. माझ्या लेखी तिचं मोठेपण वयात नाही, आपल्याच सत्ताधाऱ्याला जाब विचारण्यात आहे.