रुळांवरील बस आणि शाखामार्गांचे भवितव्य : एका जर्मन डिझेल डब्याचा इतिहास

लोहमार्गांच्या इतिहासात वेगवान आणि विलासी गाड्यांना जे स्थान मिळते, ते खेड्यापाड्यांतून मंदगतीने धावणाऱ्या गाड्यांना सहसा मिळत नाही. जर्मनीपुरते बोलावयाचे तर १९३३ पासून बर्लिन व हँबुर्ग या शहरांदरम्यान ताशी १६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या ‘फ्लीगेंडर हाम्बुर्गर’ या डिझेल गाडीची कीर्ति सर्वत्र पसरली. परंतु सामान्य प्रवाशांच्या जीवनाशी अधिक निकटचा संबंध आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर निर्माण झालेल्या एका साध्या, दोन आसांच्या, तांबड्या रंगाच्या स्वयंचलित डब्याचा. ‘शीनेनबुस’, म्हणजे रुळांवरील बस, हे त्याचे लोकप्रचलित नाव. ‘शाखामार्गांचा तारणहार’ असे बिरुदही त्याला लाभले. हे बिरुद कितपत यथार्थ होते, हा प्रश्न केवळ यंत्रविद्येचा नसून आर्थिक इतिहासाचाही आहे.

रुळांवर बस चालविण्याची कल्पना मात्र युद्धोत्तर काळातील नव्हे. विस्मार येथील डब्यांच्या कारखान्याने १९३२ पासून लहान खाजगी लोहमार्गांसाठी असे डबे बांधले होते. त्यांच्या दोन्ही टोकांस मोटारीसारखी पुढे आलेली एंजिने असत व जाण्याच्या दिशेनुसार त्यांपैकी एकाचा उपयोग केला जाई. या आकारामुळे लोकांनी त्यांस डुकराच्या नाकाडावरून विनोदी नाव दिले. मालमोटारीसाठी मोठ्या प्रमाणावर तयार होणारी यंत्रसामग्री रुळांवर वापरली, तर खर्च कमी होतो, हे मूलतत्त्व या डब्यांनी सिद्ध केले.

१९४९ मध्ये पश्चिम जर्मनीत ‘डॉइच बुंडेसबान’ ही राष्ट्रीय रेल्वे स्थापन झाली, तेव्हा हा प्रश्न अधिक निकडीचा बनला होता. शाखामार्गांवर जुनी वाफेची एंजिने मोजक्या प्रवाशांसाठी जड डबे ओढीत होती. अशा एंजिनावर चालकाबरोबर आगवाला लागे. फेरीपूर्वी पुष्कळ वेळ आधी आग पेटवावी लागे. कोळसा, पाणी व राख यांची व्यवस्था निराळीच. उलट सडकेवरील बस एका चालकावर चाले आणि थेट गावात जाई. या स्पर्धेस उत्तर म्हणून ऱ्हाइन नदीकाठच्या उर्डिंगेन येथील कारखान्याने १९५० मध्ये नव्या डब्याचे पहिले नमुने तयार केले. व्हीटी ९५ या नावाने त्याचे नियमित उत्पादन १९५२ पासून सुरू झाले.

या डब्याच्या रचनेत काटकसर हेच सूत्र सर्वत्र दिसते. ब्यूसिंग या मालमोटारी बांधणाऱ्या संस्थेचे डिझेल एंजिन त्याच्या तळाखाली बसविलेले होते. त्यामुळे आतील सर्व जागा प्रवाशांस मिळे. गिअर बदलण्याची व्यवस्थाही मोटारीच्या पद्धतीचीच होती. आसनांच्या पाठी उलट्या फिरविता येत. म्हणून शेवटच्या स्थानकावर डबा न वळविताही प्रवाशांना गाडीच्या दिशेस तोंड करून बसता येई. डबा हलका राहावा यासाठी बोगी टाळून केवळ दोन आस ठेवले गेले. येथे एक अडचण उद्भवली. तत्कालीन नियमांनुसार अशा आसांमधील अंतर ४.५ मीटरांपर्यंतच असावयास हवे होते व पहिले नमुने त्याप्रमाणेच बांधले गेले. परंतु डबा लांब केल्यावाचून पुरेसे प्रवासी मावत नसत. अखेर ६ मीटर अंतराचा नमुना पारखून पाहण्यात आला आणि विशेष अनुज्ञेने तेच माप नियमित डब्यांसाठी स्वीकारले गेले.

तथापि व्हीटी ९५ च्या मर्यादाही लौकरच स्पष्ट झाल्या. चढाच्या मार्गांवर एका एंजिनाची शक्ति अपुरी पडे. आणि प्रमाणित जोडसाधने व धक्काशोषक नसल्याने त्यास सामान्य डबे जोडता येत नसत. या उणिवांतून व्हीटी ९८ हा प्रकार निर्माण झाला. त्यात प्रत्येकी १५० अश्वशक्तीची दोन एंजिने होती, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर होता आणि जोडसाधने नेहमीच्या गाड्यांसारखी होती. शिवाय चालकाची जागा असलेले जोडडबे पुरविल्यामुळे गाडी कोणत्याही टोकाकडून हाकता येई. तीव्र चढाच्या मोजक्या मार्गांसाठी दंतचक्रयुक्त असा व्हीटी ९७ हा उपप्रकारही बांधण्यात आला. १९७१ पर्यंत जोडडब्यांसह सर्व प्रकार मिळून जवळजवळ दीड हजार डबे तयार झाले. स्पेन व युगोस्लाव्हिया या देशांतही ही रचना पोचली. पूर्व जर्मनीतही १९६० नंतरच्या दशकात बाउट्झेन येथे याच धर्तीचे दोन आसांचे डबे बांधले गेले. म्हणजे दोन भिन्न अर्थव्यवस्थांनी एकाच प्रश्नाचे जवळपास सारखेच उत्तर शोधले.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. या डब्याने गाडी चालविण्याचा खर्च कमी केला, हे निर्विवाद होय. परंतु लोहमार्गाचा खर्च केवळ गाडीचा नसतो. रूळ, पूल, फाटके, संकेतयंत्रणा व स्थानकांवरील नोकरवर्ग यांचा भार गाडी हलकी झाल्याने फारसा हलका होत नाही. दुसरीकडे पश्चिम जर्मनीत खाजगी मोटारींचा प्रसार झपाट्याने होत होता. परिणामी १९६० व १९७० नंतरच्या दशकांत हजारो किलोमीटर मार्गांवरील प्रवासी वाहतूक बंद झाली, आणि कित्येक मार्गांवर शेवटची फेरी या तांबड्या डब्यानेच केली. होनाउ येथील दंतमार्ग नव्या डब्यांनंतर काही वर्षांतच, १९६९ मध्ये, बंद पडला. तेव्हा तारणहार हे बिरुद शब्दशः स्वीकारता येत नाही.

मात्र त्यास निष्फळ म्हणणेही अन्यायाचे ठरेल. मुदत मिळवून देणे हेही एक कार्यच असते. जे मार्ग या काळात टिकले, त्यांचे रूळ पुढील धोरणबदलापर्यंत शिल्लक राहिले. १९९६ च्या आरंभी प्रादेशिक वाहतुकीची जबाबदारी राज्यांकडे गेली. त्याच वर्षी डिसेंबरात, पूर्वी प्रवासी वाहतूक गमावलेला ब्योब्लिंगेन–डेटेनहाउझेन हा मार्ग ‘रेगिओ-शटल’ या नव्या डिझेल डब्यांनी पुन्हा सुरू झाला आणि अपेक्षेहून अधिक प्रवासी त्याकडे वळले. नवे डबे चांगले होतेच. परंतु त्यांच्यासोबत वारंवार फेऱ्या आणि स्थानिक संस्थांचा निश्चित आर्थिक आधारही आला होता. जुन्या डब्यास नेमके हेच लाभले नव्हते. यंत्र खर्च कमी करू शकते. मार्ग ठेवावयाचा की नाही, हा निर्णय समाजालाच घ्यावा लागतो, असाच या इतिहासाचा निष्कर्ष निघतो.