कालवांच्या खुराकाची कुळकथा

1879 साली अमेरिकेत चेसापीक उपसागराच्या काठी विल्यम ब्रुक्स या प्राणिशास्त्रज्ञाने पिकलेल्या नर-मादी कालवांच्या शिंपा उघडल्या आणि त्यांची अंडी व शुक्र समुद्राच्या पाण्यात एकत्र केले. अंडी फळली, पोहणारी पिल्लं निघाली. पण ती मोठी करणं ब्रुक्सला जमलं नाही. पिल्लांच्या पोटात काय घालायचं हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि पाणी बदलायला जावं तर डोळ्यांना न दिसणारी पिल्लं पाण्याबरोबर वाहून जात.

वाहून जाण्याचा प्रश्न 1920च्या सुमारास न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर विल्यम वेल्सने सोडवला. दुधातली साय वेगळी काढणारं डेअरीतलं यंत्र त्याने पिल्लं गोळा करायला वापरलं. त्याच किनाऱ्यावरच्या जोसेफ ग्लॅन्सीने तेच यंत्र अन्नासाठी कामाला लावलं. समुद्राचं पाणी त्यातून फिरवलं की मोठे जीव बाहेर पडतात आणि बारीक शेवाळ पाण्यात उरतं. ते पाणी उन्हात ठेवून शेवाळ वाढवायचं आणि पिल्लांना पाजायचं. पद्धत चालली, पण पाण्यात त्या दिवशी कोणतं शेवाळ आलं आहे, यावर सगळी भिस्त.

हे नशीब हातात घेतलं ते आयल ऑफ मॅनवरच्या पोर्ट एरिन इथल्या प्रयोगशाळेने. ब्रूस, नाइट आणि मेरी पार्क यांनी समुद्रातून एकपेशीय जीव एकेक करून वेगळे काढले, काचेत शुद्ध वाढवले आणि कालवांच्या पिल्लांना खाऊ घातले. त्यांचा निबंध 1940चा. त्यातल्या एका सोनेरी-तपकिरी जीवाला पार्कने 1949 मध्ये नाव दिलं आयसोक्रायसिस गॅल्बाना. मिलिमीटरचे सुमारे दोनशे भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा हा जीव, चाबकासारख्या दोन धाग्यांनी पोहणारा, अंगावर कठीण कवच नसलेला. क्लोरेलासारख्या जाड भिंतीच्या हिरव्या शेवाळाने पिल्लांचं पोट भरे, पण ते पचत नसे, अंगी लागत नसे. हा उघडा जीव मात्र पचला.

इथवर सगळी चिंता पिल्लांच्या खाण्याची. आईबापांकडे लक्ष वळलं ते हिवाळ्यामुळे. कनेटिकटमधल्या मिलफर्डच्या प्रयोगशाळेत व्हिक्टर लूसानॉफने 1940च्या दशकात दाखवून दिलं की गारठलेली कालवं ऐन हिवाळ्यात कोमट पाण्यात ठेवली, तर ती काही आठवड्यांत पिकतात आणि अवेळी अंडी घालतात. शास्त्राच्या दृष्टीने ही मोठी मजल होती. पण पाणी गरम केलं की कालवाचा शक्तीचा खर्च वाढतो, आणि हिवाळ्यातल्या समुद्राच्या पाण्यात शेवाळ फारसं नसतं. मग कालव शरद ऋतूत साठवलेलं ग्लायकोजेन मोडून खातं, त्यातूनच अंड्याची चरबी घडवतं. साठा भरलेला असेल तर निभतं. तो रिता असेल तर अंडी कमी, आणि असतील तीही किडकिडीत. अंडं ही महागडी वस्तू आहे. अन्नाची टंचाई झाली की काही जातींमध्ये नरांचं प्रमाण वाढलेलं आढळतं, यातच तिची किंमत कळते.

माझ्या मते या कुळकथेतला सर्वांत मोलाचा प्रयोग वेल्समधल्या कॉन्वीचा आहे. 1973 मध्ये हेल्म, हॉलंड आणि स्टीफन्सन यांनी युरोपच्या पैदाशीसाठी राखलेल्या चपट्या कालवांना जादा शेवाळ खाऊ घातलं आणि त्यांची पिल्लं कशी वाढतात ते पाहिलं. चपट्या कालवाची मादी अंडी बाहेर टाकत नाही. आठ-दहा दिवस ती आपल्या कल्ल्यांपाशी सांभाळते आणि मग पोहणारी पिल्लं सोडते. म्हणजे पिल्लू बाहेर आलं तेव्हा त्याच्याजवळ जे होतं, ते आईने दिलेलंच. खुराक मिळालेल्या कालवांची पिल्लं चरबीने भरलेली आणि जोमदार निघाली. पिल्लू जन्मल्यावर कितीही चांगलं खाऊ घातलं तरी ही पहिली शिदोरी भरून काढणं कठीण.

शिदोरीत नेमकं काय हवं, हे पुढच्या दशकांत उलगडलं. डीएचए आणि ईपीए ही लांब साखळीची मेदाम्लं कालवाला पुरेशी स्वतः बनवता येत नाहीत, ती शेवाळातूनच यावी लागतात. आयसोक्रायसिस आणि पाव्हलोव्हा डीएचए देतात, कीटोसेरॉससारखी डायटम शेवाळं ईपीए देतात. ड्युनालिएला हे शेवाळ मुबलक पिकतं, पण त्यात ही दोन्ही जवळजवळ नसतात. म्हणून आज हॅचरीत, म्हणजे कालवांचं बीज तयार करणाऱ्या केंद्रात, एकाच शेवाळावर सहसा कोणी विसंबत नाही. चंचुपात्रातलं सोनेरी, बरणीतलं तपकिरी आणि पिशवीतलं हिरवं पाणी मिसळून पैदाशीच्या कालवांना रोज दिलं जातं. मापही कालवाच्या मांसाच्या कोरड्या वजनावरून ठरतं: रोजचं कोरडं शेवाळ त्याच्या काही टक्के, साधारण 3 ते 6. कमी दिलं तर अंडी खुंटतात, जास्त दिलं तर पाणी सडतं.

आपल्याकडे 1981 मध्ये केंद्रीय समुद्री मत्स्यकी संशोधन संस्थेच्या तुतिकोरीनच्या केंद्रात के. अलगारस्वामी आणि सहकाऱ्यांनी मोत्याच्या कालवांचं बीज तयार केलं, तेव्हाही पिल्लांच्या पुढ्यात ठेवलं होतं ते हेच आयसोक्रायसिस गॅल्बाना. खाण्याच्या कालवांचं बीजही पुढे तिथेच तयार झालं.

जिवंत शेवाळ वाढवणं मात्र महागच राहिलं आहे. दिवे, हवा, निर्जंतुक पाणी आणि अखंड राबणारे हात, असा तो संसार आहे, आणि हॅचरीच्या एकूण खर्चात त्याचा वाटा बराच मोठा असतो. म्हणून घट्ट लगदा, वाळवलेली भुकटी, तेलाचे सूक्ष्म थेंब असे पर्याय तपासले गेले. त्यांतल्या लगद्याने ताज्या शेवाळाचा काही भाग वाचतो. पण अंडी हवी असतील तेव्हा हॅचरी चालवणारे अजूनही आधी ताज्या शेवाळाच्या चंचुपात्रांकडेच वळतात.