सूत्रकृमी-नियंत्रण, सूक्ष्मजंतूंद्वारा
टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी इ. भाज्यांच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या मेलॉयडोगाइन वंशातील सूत्रकृमींचा जमिनीतील उपकारक सूक्ष्मजंतूंच्या साहाय्याने बंदोबस्त करण्याची पद्धती. इंग्लंडमध्ये एम. जे. बर्कली यांनी १८५५ मध्ये काचगृहातील काकडीच्या मुळांवरील अशा गाठींचे वर्णन केले. गाठाळलेली मुळे पाणी व पोषकद्रव्ये नीट शोषू शकत नाहीत आणि झाड खुरटते. रोग जमिनीखाली असल्यामुळे पुष्कळदा पाण्याचा वा खताचा तुटवडा हेच कारण समजले जाते.

या सूत्रकृमींचा सर्वांत प्रभावी नैसर्गिक शत्रू म्हणजे पाश्चूरिया पेनेट्रान्स हा सूक्ष्मजंतू होय. परंतु तो सूक्ष्मजंतू आहे हे कळण्यास सु. सत्तर वर्षे लागली. हवाई बेटांत काम करीत असताना एन. ए. कॉब यांनी १९०६ मध्ये एका सूत्रकृमीच्या शरीरात गोल बीजाणू पाहिले व ते आदिजीवाचे मानले. जी. थॉर्न यांनी १९४० मध्ये याच समजुतीने अशा परजीवीला डुबॉस्किया पेनेट्रान्स असे नाव दिले. मॉरिशसमध्ये जे. आर. विल्यम्स यांना १९६० मध्ये तो मूळगाठ सूत्रकृमीतही आढळला. अखेर कॅलिफोर्नियात आर. मँकाउ यांनी १९७५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या आधारे तो सूक्ष्मजंतू असल्याचे दाखविले. ई. मेचनिकॉव्ह यांनी १८८८ मध्ये पाण्यातील डॅफ्निया या जीवातील परजीवीसाठी पाश्चर यांच्या नावावरून पाश्चूरिया हा वंश स्थापिला होता. त्यात सेअर व स्टार यांनी १९८५ मध्ये याचा समावेश केला.

मधल्या काळात रासायनिक धुरीकारकांचा बोलबाला होता. हवाईतील अननसाच्या मळ्यांत डब्ल्यू. कार्टर यांनी १९४३ मध्ये डी-डी मिश्रणाची उपयुक्तता दाखविल्यावर जैव उपायांकडे फारसे कोणी वळले नाही. पुढे डीबीसीपी या रसायनामुळे कॅलिफोर्नियातील कारखान्याच्या कामगारांत वंध्यत्व आल्याचे १९७७ मध्ये उघड झाले आणि १९७९ मध्ये अमेरिकेत त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी आली. या परजीवीचे खरे स्वरूप कळले ते याच सुमारास.

पाश्चूरियाचे बीजाणू स्वतः हलत नाहीत. मुळाच्या शोधात मातीतून सरकणाऱ्या डिंभाच्या उपत्वचेला ते चिकटतात. डिंभ मुळात शिरून अन्न घेऊ लागला की, बीजाणूपासून निघालेली नलिका त्याच्या शरीरात घुसते. सूत्रकृमीची मादी वाढते, पण अंडी बहुधा घालीत नाही. एकेका मादीत सु. २० लाख बीजाणू तयार होतात. मूळ कुजल्यावर ते मातीत मिसळतात व कोरड्या जमिनीतही दीर्घकाळ टिकतात.

मोठी अडचण उत्पादनाची आहे, कारण हा सूक्ष्मजंतू यजमानाबाहेर सहजासहजी वाढत नाही. स्टर्लिंग व वॉक्टेल यांनी १९८० मध्ये बाधित सूत्रकृमींनी भरलेली टोमॅटोची मुळे वाळवून त्यांची भुकटी करण्याची साधी रीत सुचविली. यानंतर अमेरिकेत कृत्रिम माध्यमात वाढविण्याचे तंत्रही विकसित झाले. स्यूडोमोनस फ्लुओरेसेन्ससारखे सूक्ष्मजंतू मात्र कृत्रिम माध्यमावर सहज वाढतात. भारतात ते शेणखतात मिसळून वापरतात. पाश्चूरियाच्या बाबतीत आणखी एक मर्यादा अशी की, एका शेतातील बीजाणू दुसऱ्या शेतातील सूत्रकृमींना चिकटतीलच असे नाही; म्हणून वापरापूर्वी स्थानिक डिंभांवर तशी चाचणी घ्यावी लागते.