लघवी, लाज आणि खिशातला पंप

जरा अवघड विषय आहे, पण लिहितोच. कारण निम्म्या घरांत हे चालू असतं आणि कुणी बोलत नाही.

आमचे अण्णा दोन वर्षं एसटीत बसले नाहीत. लग्न असो, बारसं असो, "तुम्ही जाऊन या" एवढंच. आम्हाला वाटलं, वय झालं. मग एकदा आई जुन्या लुगड्याच्या घड्या शिवताना दिसली, तेव्हा कळलं. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर त्यांची लघवी गळत होती. खोकला आला, पिशवी उचलली, की थेंब. बातमीदार पोराला हे घरातलं कळायला दोन वर्षं लागली!

मग वाचायला बसलो. हा आजार आजचा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघातावर स्वतंत्र अध्याय आहे. बेंजामिन फ्रँकलिन (हो, तेच, अमेरिकेचे) यांच्या भावाला मूतखडा होता. त्याच्यासाठी त्यांनी १७५२ साली सोनाराकडून चांदीची वाकणारी नळी करून घेतली.

प्रोस्टेटच्या ऑपरेशनचा एक धागा तर भारतातून जातो. पीटर फ्रेयर हा आयरिश सर्जन वीसेक वर्षं इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये, उत्तर भारतात मूतखडे काढत होता. लंडनला परतल्यावर १९०१ मध्ये त्याने पोटाकडून वाढलेली प्रोस्टेट काढण्याची पद्धत गाजवली. श्रेयावरून न्यूयॉर्कच्या फुलर नावाच्या सर्जनशी वाद झाला. श्रेयाचे वाद फक्त आपल्या नगरपालिकेतच होतात असं नाही.

पण प्रोस्टेट काढली की एक अडचण उरते. लघवी धरून ठेवणारे स्नायू दोन ठिकाणी असतात, मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटच्या खाली. ऑपरेशनमध्ये वरचा दुबळा होतो, सगळा भार खालच्यावर येतो. तो दमला की गळती.

अमेरिकेतल्या फ्रेडरिक फोली यांचं नाव दवाखान्यात रोज घेतलं जातं. फुगा असलेली कॅथेटरची नळी त्यांचीच. त्याच फोलींनी १९४७ मध्ये मूत्रमार्गाभोवती फुगणारा पट्टा सुचवला, आणि त्याचा पंप पेशंटने खिशात ठेवायचा! खिशातला पंप काही टिकला नाही. १९७३ मध्ये ह्यूस्टनच्या ब्रँटली स्कॉट यांनी सगळंच शरीराच्या आत बसवलं. पंप वृषणाच्या पिशवीत. दाबला की पट्टा सैल होतो, लघवी होते, थोड्या वेळाने आपोआप आवळतो. सुधारित रूपात हे उपकरण आजही बसवतात, पण महाग आहे.

अण्णांना तिथवर जावं लागलं नाही. डॉक्टरांनी आधी सोनोग्राफीत पाहिलं, लघवीनंतर मूत्राशय रिकामं होतं का. हे महत्त्वाचं. काहींचं मूत्राशय तुंबलेलं असतं आणि भरून वाहणाऱ्या टाकीसारखं ठिबकतं. त्यांचा उपचार वेगळा. आपल्या मनाने मेडिकलमधून लघवी थांबवायची गोळी आणली, तर लघवी पार अडकू शकते.

अण्णांना व्यायाम दिला. वारा रोखताना जो स्नायू आवळतो, तोच आवळायचा, सोडायचा, दिवसातून तीनदा. अर्नोल्ड केगल या डॉक्टरांनी १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला, तो बाळंतपणानंतरच्या बायकांसाठी. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे बायकांचा व्यायाम करू?" आई आतून म्हणाली, "माझ्या घड्या चालतात की!"

चार महिन्यांत बराच फरक पडला. पूर्ण नाही. पॅड अजून लागतं.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं एसटीने आत्याकडे गेलो. वाटेत स्टँडवर पॅड बदलायचं होतं. पुरुषांच्या मुतारीत दाराला कडी नाही, पिशवी अडकवायला खुंटी नाही, कचऱ्याचा डबा तर नाहीच. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून अण्णांनी आत्याच्या घरापर्यंत हातात धरलं.

डब्यासाठी आणि कडीसाठी सोमवारी अर्ज देतोय. सहीला कोण येतंय?