चुलीवरची जागा

साखरशेत व जव्हार-मोखाड्याच्या इतर पाड्यांवर चुलीच्या वर टांगलेली बियाण्याची कणसे आम्ही पाहिली आहेत. उबेने ओलावा घटतो, धुराने कीड दूर राहते. तापलेली हवा वर जाते, हे अनुभवाने ओळखूनच ही जागा ठरली.

आता त्याच भिंतीवर टीव्ही लावायचा विचार होतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, रंगीत प्रसारण १९८२ मध्ये आले. पण चित्रनळीचे जड संच टेबलावरच राहिले. भिंतीवर संच चढला तो एकविसाव्या शतकात, चपट्या पडद्यामुळे. इंग्लंडात जुन्या घरांतील विटांच्या शेकोटीवर तो लावतात. तेथे धूर धुराड्यातून जातो, पण आग विझल्यावरही विटा तापलेल्या राहतात. आपल्या चुलीला बहुधा धुराडे नसते. त्यामुळे काजळीही संचात शिरते. आतील काही धारित्रांचे आयुष्य तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की साधारण निम्मे होते. बियाणे टिकवणारी जागा संच टिकवत नाही.

वर्गात पणतीच्या वर आणि बाजूला एकाच अंतरावर तापमापक धरून पाहावा. टीव्ही कोठे लावावा, हे मुलेच घरी सांगतील.